उभा रकाना, आडवी ओळ आणि मधली चौकट

एक साधा हिशेब मांडू. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण असे हिशेब विकासप्रकल्पांच्या अहवालांत नेहमी दडलेले असतात. एका भागात 1000 गरोदर स्त्रिया आहेत. प्रसूतिपूर्व तपासणी त्यांच्यापैकी 820 जणींपर्यंत पोहोचली, म्हणजे 82 टक्के. लक्ष्य 80 टक्क्यांचे होते. अहवालात हिरवी खूण पडते आणि पुढचा हप्ता सुटतो. आता याच हजार जणींचे दोन गट पाडा. 900 जणींना चालण्याची, ऐकण्याची, पाहण्याची मोठी अडचण नाही. त्यांच्यातल्या 774 जणींना, म्हणजे 86 टक्के स्त्रियांना तपासणी मिळाली. उरलेल्या 100 जणींना अशी एखादी अडचण आहे आणि त्यांच्यातल्या फक्त 46 जणींना ती मिळाली. 774 अधिक 46, बरोबर 820. आकडा खरा आहे, त्यात कोणी लबाडी केलेली नाही, आणि तरीही त्या चौपन्न जणी अहवालात कुठेच नाहीत.

यापुढे जे होते ते अधिक वाईट आहे. पुढच्या वर्षी लक्ष्य 85 टक्के केले जाते, म्हणजे आणखी 30 जणी हव्यात. पहिल्या गटात अजून 126 जणी बाकी आहेत. त्या पायी केंद्रावर येऊ शकतात, निरोप दिला तर त्यांना ऐकू जातो. दुसऱ्या गटातल्या एकेकीसाठी वाहन लागेल, सोबत माणूस लागेल, कुणासाठी खुणांची भाषा जाणणारी व्यक्ती लागेल. हाताशी तेवढेच पैसे आणि तेवढेच दिवस असलेली कार्यकर्ती कुणाकडे जाईल? तिला दोष देता येत नाही. सरासरीवर लक्ष्य ठेवले की ते लक्ष्यच तिला सोप्या घरांकडे वळवते. त्या चौपन्न जणींपैकी एकीलाही हात न लावता 85 टक्के गाठता येतात आणि प्रकल्प यशस्वी ठरतो.

आंतरराष्ट्रीय विकासाच्या कामात स्त्री-पुरुष समानतेबद्दल बोलताना मला हाच मुद्दा सगळ्यात आधी मांडावासा वाटतो. गेल्या काही वर्षांत ‘इंटरसेक्शनॅलिटी’ हा शब्द जवळपास प्रत्येक धोरणपत्रात आला आहे. लिंग, वंश, वर्ग, अपंगत्व, वय, स्थलांतर अशा विषमता एकमेकींना छेदतात तिथे नेमके काय होते ते पाहणे, असा त्याचा अर्थ. शब्द आला, त्यावर प्रशिक्षणे झाली, प्रस्तावाच्या पहिल्या चार पानांत त्याला जागा मिळाली. पण पैसा ठरतो ते अंदाजपत्रक, माणसे मोजली जातात ती प्रश्नावली आणि यश ठरते तो निर्देशक, या तीन ठिकाणी तो अजून पोहोचलेला नाही. तिथे पोहोचत नाही तोवर त्याचा त्या चौपन्न जणींना काही उपयोग नाही.

हा विचार कुठून आला ते पाहिले की हा मुद्दा स्पष्ट होतो. अमेरिकेत पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी जनरल मोटर्सविरुद्ध दावा लावला होता आणि 1976 साली त्याचा निकाल लागला. कंपनीने 1964 पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना नोकरीत घेतलेच नव्हते. पुढे मंदी आली, शेवटी लागलेला आधी जाईल या ज्येष्ठतेच्या नियमाने कपात झाली आणि 1970 नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रियांची नोकरी गेली. न्यायालयाने पाहिले की कंपनी 1964 पूर्वीही स्त्रियांना घेत होती, मग लिंगभेद कसा म्हणायचा? त्या स्त्रिया गोऱ्या होत्या, कार्यालयीन कामावरच्या होत्या. वंशभेदाचा मुद्दा कृष्णवर्णीय पुरुषांच्या दुसऱ्या दाव्यासोबत मांडावा, असे सुचवले गेले. स्त्री म्हणून आणि कृष्णवर्णीय म्हणून मिळून झालेला अन्याय कायद्याच्या कुठल्याच खणात बसेना. किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक स्त्रीने 1989 साली याच आणि अशाच निकालांचा अभ्यास करून इंटरसेक्शनॅलिटी ही संकल्पना मांडली.

तक्ता डोळ्यांपुढे आणा. उभ्या रकान्यात स्त्री आणि पुरुष, आडव्या ओळीत गोरे आणि काळे. रकान्याची बेरीज ठीक दिसते, ओळीची बेरीजही ठीक दिसते. अन्याय मधल्या एका चौकटीत आहे आणि बेरजा पाहणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही. मुळात ही पुराव्याची अडचण होती. विकासाच्या क्षेत्रात आल्यावर तिला ओळखीचे आणि अस्मितेचे रूप आले, चर्चा सौम्य झाली आणि पुरावा बाजूला राहिला.

खरे तर हा प्रश्न या क्षेत्राला कुणी पहिल्यांदा 1989 मध्ये विचारला असेही नाही. 1975 साली मेक्सिकोत संयुक्त राष्ट्रांची पहिली जागतिक महिला परिषद झाली. तिला लागून स्वयंसेवी संस्थांची वेगळी सभा भरली होती. तिथे बोलिव्हियातल्या कथिलाच्या खाणकामगारांच्या वस्तीतून आलेल्या दोमितिला बारिओस दे चुंगारा यांनी सुस्थितीतल्या प्रतिनिधींना सरळ विचारले की तुमच्या आणि माझ्या जगण्यात सारखे काय आहे ते सांगा. 1995 च्या बीजिंग कृती आराखड्यात वंश, वय, भाषा, धर्म, अपंगत्व यांमुळे स्त्रियांपुढे एकापेक्षा अधिक अडथळे उभे राहतात हे लिहिले गेले. 2006 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातले सहावे कलम खास अपंग स्त्रियांबद्दल आहे. 2010 मध्ये सीडॉ समितीने, म्हणजे स्त्रियांविरुद्धचे सर्व भेदभाव नष्ट करण्याच्या 1979 च्या कराराच्या अंमलावर लक्ष ठेवणाऱ्या समितीने, अठ्ठावीसाव्या सर्वसाधारण शिफारशीत इंटरसेक्शनॅलिटी ही राष्ट्रांची बांधिलकी समजून घेण्याची मूलभूत संकल्पना असल्याचे म्हटले. कागदावर काही कमी नाही.

कमी कुठे आहे ते पैशाच्या नोंदीत पाहावे. श्रीमंत देश विकासासाठी देतात त्या मदतीवर ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीने ठरवलेल्या पद्धतीने खुणा केल्या जातात. प्रत्येक प्रकल्पाला लिंग-समानतेसाठी 0, 1 किंवा 2 गुण मिळतात. समानता हेच मुख्य उद्दिष्ट असेल तर 2, महत्त्वाचे पण दुय्यम असेल तर 1, काहीच नसेल तर 0. 2020-21 मध्ये द्विपक्षीय मदतीपैकी 44 टक्के रक्कम 1 किंवा 2 गुणांच्या प्रकल्पांत होती. 2 गुणांच्या प्रकल्पांचा त्यातला वाटा एकूण मदतीच्या फक्त 4 टक्के होता. म्हणजे समानतेच्या नावाने मोजल्या जाणाऱ्या पैशातला बहुतेक पैसा रस्ता, वीज, शेती अशा प्रकल्पांचा, ज्यात समानता हा एक भाग आहे. तो भाग किती मोठा, हे ही खूण सांगत नाही, कारण एकदा 1 लावला की प्रकल्पाची पूर्ण रक्कम मोजली जाते. शिवाय ही खूण मदत देणारा स्वतःच लावतो आणि ती हेतूवर लावतो. निकाल काय लागला याच्याशी तिचा संबंध नाही.

2018 मध्ये याच पद्धतीत अपंगत्वाचीही खूण आली. चांगली गोष्ट झाली. पण दोन्ही खुणा दोन स्वतंत्र रकान्यांत आहेत. एखाद्या कौशल्य प्रशिक्षणात निम्म्या मुली आहेत, म्हणून लिंग-समानतेचा 1. दहा टक्के प्रशिक्षणार्थी अपंग आहेत, म्हणून अपंगत्वाचा 1. ते सगळे अपंग प्रशिक्षणार्थी मुलगे असू शकतात आणि तरीही दोन्ही रकाने भरलेले दिसतील. शाश्वत विकास उद्दिष्टांतल्या 17.18 या लक्ष्यातही उत्पन्न, लिंग, वय, वंश, वांशिकता, स्थलांतर, अपंगत्व, भौगोलिक स्थान अशी लांब यादी आहे आणि त्यानुसार आकडेवारी वेगळी करा असे म्हटले आहे. बहुतेक यंत्रणा ती यादी एकामागून एक वाचतात. लिंगाचा तक्ता वेगळा, अपंगत्वाचा वेगळा, उत्पन्नाचा वेगळा. तीन पाने होतात आणि तिन्हींच्या मधली चौकट कोऱ्या कागदासारखी राहते.

ती चौकट रिकामी राहिली तर माणूस कसा मरतो, हे एका प्रकरणाच्या कागदपत्रांत तासांनिशी नोंदले आहे. अ‍ॅलिन पिमेंटेल विरुद्ध ब्राझील. 11 नोव्हेंबर 2002 रोजी रिओ दी जानेरो राज्यातल्या एका खासगी आरोग्यकेंद्रात 28 वर्षांची, सहा महिन्यांची गरोदर, गरीब, आफ्रिकी वंशाची स्त्री तीव्र मळमळ आणि पोटदुखी घेऊन आली. तिला जीवनसत्त्वाच्या आणि मळमळीच्या गोळ्या देऊन घरी पाठवले गेले. 13 तारखेला ती परत आली तेव्हा गर्भाचे ठोके थांबलेले होते. कळा आणून मृत बाळ बाहेर काढले गेले. वार काढण्याची शस्त्रक्रिया लगेच व्हायला हवी होती, ती सुमारे 14 तासांनी झाली. रक्तस्राव थांबेना. मोठ्या रुग्णालयात हलवायचे ठरले तर रुग्णवाहिकेसाठी आठ तास थांबावे लागले. सोबत उपचारांचे कागद दिले नाहीत, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांना ती नुकतीच बाळंत झाली आहे हेही कळले नाही. तातडीच्या विभागाच्या बोळातल्या तात्पुरत्या जागेत ती 21 तास होती. 16 तारखेला ती गेली.

सीडॉ समितीने 2011 मध्ये निकाल दिला. मातामृत्यूच्या प्रश्नावर एखाद्या आंतरराष्ट्रीय करार समितीने दिलेला तो पहिला निर्णय. समितीने म्हटले की तिच्याशी भेदभाव झाला तो स्त्री म्हणून, आफ्रिकी वंशाची म्हणून आणि आर्थिक-सामाजिक स्थितीमुळे, असा एकत्रितपणे झाला. ब्राझीलने मातृआरोग्याची धोरणे दाखवली. समितीने उत्तर दिले की धोरण कृती आणि परिणामांना बांधलेले हवे आणि त्याला पुरेसा निधी हवा. मला या निकालातले हे वाक्य सगळ्यात मोलाचे वाटते, कारण ते धोरणाचे मोजमाप पैसा आणि परिणाम यांनी करते.

या प्रकरणात आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. गोळ्या देऊन परत पाठवणे, शस्त्रक्रियेला उशीर, रुग्णवाहिका नसणे, कागद न देणे, बोळात ठेवणे. प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे पाहिला तर व्यवस्थेतला एक ढिलेपणा वाटतो. पैसेवाली स्त्री पहिल्याच टप्प्यावर दुसऱ्या डॉक्टरकडे गेली असती. दुसऱ्या कुणाच्या घरच्यांनी आपली गाडी काढली असती. साखळीचा प्रत्येक कमकुवत दुवा तिच्याच वाट्याला आला, कारण प्रत्येक दुव्यापाशी लागणारा पर्याय, पैसा, ओळख, आवाज, तिच्याकडे नव्हता. म्हणून प्रकल्प आखताना सुरुवात गटांच्या यादीपासून करू नये. सेवेपासून करावी. बातमी कळणे, घरातून निघण्याची मुभा, ओळखपत्र, प्रवास, दारातून आत जाणे, कर्मचाऱ्याची वागणूक, समजेल अशा भाषेत सांगणे, पैसे भरणे, घरी परतल्यावरची काळजी, असे आठ-नऊ दुवे कागदावर लिहावेत आणि प्रत्येकापाशी विचारावे की इथे कोण गळते आणि का. दोन दिवसांचे काम आहे. त्यातून कोणते दोन किंवा तीन भेद या सेवेपुरते निर्णायक आहेत ते आपोआप वर येते. लसीकरणात भाषा आणि अंतर निघेल. जमिनीच्या नोंदणीत वैवाहिक स्थिती आणि वय निघेल. सगळीकडे तीच दहा नावांची यादी चिकटवणाऱ्याला काहीच सापडत नाही.

मोजणीकडे वळू, कारण गफलत सगळ्यात जास्त इथे होते. पहिली गफलत म्हणजे उत्तर कोण देते. सर्वेक्षक दारात येतो, कुटुंबप्रमुखाला विचारतो. ‘घरात कुणी अपंग आहे का?’ या प्रश्नाला बहुतेक घरांत उत्तर येते, ‘नाही.’ कधी लाजेने, कधी म्हातारीला कमी दिसते याला कुणी अपंगत्व म्हणत नाही म्हणून. याच अडचणीसाठी वॉशिंग्टन ग्रुपने, म्हणजे अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या गटाने, सहा प्रश्नांचा छोटा संच केला. त्यात अपंग हा शब्दच नाही. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? श्रवणयंत्र लावूनही ऐकायला त्रास होतो का? चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला किंवा लक्ष एकवटायला, आंघोळ-कपडे अशी स्वतःची कामे करायला, आपले म्हणणे दुसऱ्याला समजावायला किंवा दुसऱ्याचे समजून घ्यायला? प्रत्येकाला चारच उत्तरे: नाही, थोडा, खूप, अजिबात जमत नाही. सहापैकी एकाही प्रश्नाला ‘खूप’ किंवा ‘अजिबात जमत नाही’ आले की ती व्यक्ती मोजणीत घ्यायची. पूर्ण संचाला एका माणसामागे दीड-दोन मिनिटे लागतात. वेळ नाही ही सबब इथे टिकत नाही. मात्र दोन पथ्ये पाळावी लागतात. सुरुवातीला ‘आता आम्ही अपंगत्वाबद्दल विचारतो’ असे म्हणायचे नाही, आणि उत्तर शक्यतो त्या व्यक्तीकडूनच घ्यायचे. सुनेबद्दल सासूने दिलेले उत्तर हे सासूचे मत असते. मानसिक त्रास या सहा प्रश्नांत नीट पकडला जात नाही, त्यासाठी मोठा संच आहे.

दुसरी गफलत नमुन्याच्या आकाराची. 400 जणांचा नमुना घेतला तर टक्केवारी साधारण 5 अंक इकडेतिकडे होऊ शकते, हे सगळे जाणतात आणि चालवून घेतात. पण ज्या गटाचा लोकसंख्येत वाटा दहा टक्के आहे त्याचे त्या नमुन्यात 40 जणच येतात आणि त्यांच्यापुरती चूक 15 अंकांपर्यंत जाते. 46 टक्के म्हणजे 31 ही असू शकतात आणि 61 ही. गावे किंवा वस्त्या निवडून त्यांतून घरे घेतली असतील तर चूक आणखी वाढते. मग अहवालात लिहिले जाते की ‘संख्या अपुरी असल्याने वेगळे विश्लेषण केले नाही’. हे वाक्य संशोधनाच्या दृष्टीने बरोबर आहे, पण ती संख्या अपुरी राहील हे नमुना ठरवतानाच माहीत होते. तोडगा जुना आहे. त्या गटातल्या 150 जणी मुद्दाम निवडायच्या, चूक 8 अंकांवर येते, आणि एकूण आकडा काढताना त्यांना त्यांच्या खऱ्या वाट्याइतकेच वजन द्यायचे. यासाठी आधी त्या घरांची यादी लागते, यादीसाठी पैसे लागतात. ती ओळ अंदाजपत्रकात नसेल तर बाकी सगळी चर्चा तिथेच संपते.

तिसरी गफलत प्रश्नावलीच्या आखणीतच असते. नव्वदहून अधिक देशांत झालेल्या लोकसंख्या आणि आरोग्य सर्वेक्षणांत, म्हणजे डीएचएसमध्ये, मुलाखतीसाठी स्त्री घेतली जाते ती 15 ते 49 वयाची. प्रजननाच्या अभ्यासासाठी ते योग्य होते. पण स्त्रियांवरच्या हिंसेचे, मालमत्तेचे, घरातल्या निर्णयांचे आकडेही याच सर्वेक्षणातून घेतले जातात आणि मग पन्नाशीच्या पुढच्या विधवेला जगाच्या आकडेवारीत स्थान उरत नाही. 2016 मध्ये अपंगत्वाचे ऐच्छिक प्रश्न त्यात आले. ज्या देशांनी ते घेतले तिथे लिंग, अपंगत्व आणि संपत्ती एकत्र पाहता येऊ लागली. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने निधी थांबवला आणि हा कार्यक्रम ठप्प झाला. नंतर काही सर्वेक्षणांपुरती दुसरीकडून सोय झाली. रिकाम्या चौकटी भरायला नुकती कुठे सुरुवात झाली होती, तेव्हाच हे व्हावे याची मला फार चीड आहे.

मोजणीनंतर येते निवड. सूक्ष्म कर्जाच्या गटांचे उदाहरण घ्या. पाच जणी एकमेकींना हमी राहतात, एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा. अशा वेळी त्या कुणाला आपल्यात घेतील? जिची मिळकत अनिश्चित आहे, जी आजारी असते, जी बाहेरून येऊन वस्तीत राहिली आहे, तिला गटात जागा मिळत नाही. तिला संस्थेने नाकारलेले नसते. नियमाची रचनाच अशी असते की बायकाच तिला नाकारतात. कर्जदारांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया, असा आकडा मात्र झळकतो.

बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने ही गळती ओळखली आणि 2002 मध्ये अतिगरिबांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला. इंटरसेक्शनॅलिटी हा शब्द न वापरता त्यांनी तीच पद्धत वापरली. जमीन दहा डेसिमलपेक्षा (एकराच्या दहाव्या भागापेक्षा) कमी, घरात कमावता पुरुष नाही, शाळेच्या वयाची मुले कामावर, बाईच्या घरकामावर किंवा भिकेवर गुजराण, उत्पन्न देणारी मालमत्ता नाही, अशा कसोट्यांपैकी किमान तीन लागू हव्यात. म्हणजे एका भेदावर कुणी निवडले जात नाही, भेद एकमेकांवर चढतात तिथे निवड होते. मग दोन वर्षांत गाय, शेळ्या किंवा कोंबड्या अशी मालमत्ता, काही महिने रोख भत्ता, प्रशिक्षण, बचत आणि घरी येऊन भेट. यात भत्ता फार महत्त्वाचा. भत्ता नसेल तर उपाशी घर मिळालेली शेळी विकते, आणि त्यात त्या घराची काही चूक नाही. या पद्धतीचे सहा देशांतले काटेकोर मूल्यमापन 2015 मध्ये प्रसिद्ध झाले आणि उत्पन्न, अन्न आणि मालमत्ता यांत झालेली वाढ कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभरानेही टिकून असल्याचे दिसले.

आणि तरीही मूळ नियमांत वगळण्याची एक अट होती: घरात मालमत्ता सांभाळण्याइतके अंगमेहनतीचे काम करू शकणारी प्रौढ स्त्री नसेल तर ते घर बाद. कार्यक्रमाच्या दृष्टीने अट समजण्यासारखी आहे, शेळ्या कोण चारणार? पण एकट्या, थकलेल्या किंवा अपंग बाईचे घर इतक्या विचारपूर्वक आखलेल्या जाळ्यातूनही निसटले. पुढे युगांडात याच पद्धतीत अपंग व्यक्तींना सामावण्याचे काम झाले, तेव्हा साहाय्यक साधने आणि जमेल असा व्यवसाय यांचा विचार करावा लागला. चांगल्या माणसांनी केलेल्या चांगल्या नियमातही वगळण्याची एक ओळ असू शकते, म्हणून प्रत्येक कार्यक्रमाची अपात्रतेची यादी पात्रतेच्या यादीपेक्षा जास्त लक्ष देऊन वाचावी.

या विचाराला घेतले जाणारे आक्षेप मी हलके मानत नाही. पहिला आक्षेप आकडेशास्त्रज्ञांचा. चार भेद घेतले, प्रत्येकाचे तीन प्रकार केले की 81 चौकटी होतात, स्त्री-पुरुष धरून 162. चारशे जणांच्या नमुन्यात एका चौकटीत अडीच माणसे. हे बरोबर आहे, आणि म्हणूनच वर म्हटल्याप्रमाणे सेवेची साखळी पाहून दोन-तीनच भेद घ्यावेत. उरलेल्यांसाठी त्या गटातल्या बारा-पंधरा जणींशी सविस्तर बोलावे. त्यांच्या बोलण्यातून टक्केवारी काढायची नाही, त्यातून कारण कळते.

दुसरा आक्षेप स्त्रीचळवळीतून येतो आणि तो मला जास्त बोचतो. सगळ्याच विषमता एका टोपलीत घातल्या की स्त्रियांचा प्रश्न पातळ होतो. हे घडते. लिंग-समानतेचा स्वतंत्र विभाग ‘विविधता आणि समावेशन’ विभागात विलीन होतो, पूर्वी तीन तज्ज्ञ होत्या तिथे एक समावेशन अधिकारी राहते आणि लिंग, अपंगत्व, वय, वंश हे सगळे तिच्या टेबलावर येते. प्रत्येक प्रश्नाला आठवड्याचा जेमतेम सव्वा दिवस मिळतो. इंटरसेक्शनॅलिटीच्या नावाने केलेली ही काटकसर आहे आणि तिला तसेच म्हणावे. स्त्रियांसाठीचा निधी आणि पदे आहेत तेवढी राखायची आणि त्या निधीच्या आत पाहायचे की तो कोणत्या स्त्रियांपर्यंत गेला. एवढी मर्यादा पाळली तर दोन्ही विचारांत भांडण उरत नाही.

तिसरा आक्षेप धोक्याचा. माणसाची नोंद त्याच्या जिवावर उठू शकते. रवांडात बेल्जियमच्या राजवटीत 1930 च्या दशकात ओळखपत्रावर हुतू-तुत्सी असा वांशिक शिक्का आला आणि 1994 च्या वंशसंहारात रस्त्यावरच्या नाक्यांवर तेच ओळखपत्र पाहून माणसे मारली गेली. समलैंगिक संबंध गुन्हा मानले जातात अशा देशात प्रकल्पाच्या अर्जावर लैंगिक कल विचारणे म्हणजे पोलिसांसाठी यादी तयार करणे. अशा ठिकाणी चौकट रिकामीच ठेवावी. नोंद न करता काम करता येते: सेवा देणाऱ्यांना प्रशिक्षण, नाव न विचारता मिळणारी मदत, त्या समूहाच्या संस्थेला थेट अनुदान. गोळा करायचीच असेल ती माहिती कोण पाहील, कुठे राहील आणि कधी पुसली जाईल, हे आधी ठरले पाहिजे.

शेवटी खर्चाबद्दल, कारण प्रस्तावातला फरक तिथेच कळतो. जोत्याची उंची 45 सेंटीमीटर असेल तर 1:12 उताराच्या रॅम्पला 5.4 मीटर लांबी लागते. जागेचा नकाशा आधी काढला तर ती सहज बसते. इमारत उभी राहिल्यावर आठवण झाली तर दोन मीटरचा इतका खडा रॅम्प होतो की चाकाच्या खुर्चीवरची बाई त्यावरून मागे पडेल. स्वच्छतागृहात खुर्ची वळायला दीड मीटरची मोकळी जागा हवी आणि दार बाहेर उघडायला हवे, कारण आत उघडणारे दार खुर्चीला अडते आणि बंद होत नाही. मग वापरणारी बाई एकतर दार उघडे ठेवते नाहीतर जात नाही. निर्वासितांच्या छावण्यांसाठीच्या स्फिअर मानकांत 20 माणसांमागे एक स्वच्छतागृह आणि स्त्रियांसाठी पुरुषांच्या तिप्पट, असे प्रमाण सांगितले आहे. तिप्पट बांधली पण त्यातले एकही अपंग स्त्रीला वापरता येत नसेल, तर प्रमाण पाळले गेले आणि ती दिवसभर पाणी न पिता राहिली. नवे बांधकाम सुरुवातीपासून सुगम केले तर वाढीव खर्च साधारण एक टक्क्याच्या आसपास येतो.

बैठकांचेही तसेच आहे. दाते आता सल्लामसलत सक्तीची करतात, म्हणून अपंग स्त्रियांच्या संघटनेला बोलावले जाते. प्रवासखर्च मिळतो, पण बुडलेली मजुरी मिळत नाही. जिला मदतनीस लागते तिच्या मदतनिसाचे तिकीट कुणी धरलेले नसते. कर्णबधिर प्रतिनिधीसाठी खुणांच्या भाषेचा दुभाषी ठेवला जातो, एक. हे काम इतके थकवणारे आहे की दुभाषे दर वीस ते तीस मिनिटांनी आळीपाळीने काम करतात, म्हणून दिवसभराच्या बैठकीला दोघे लागतात. अंदाजपत्रकात एकच धरला असेल तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याचे हात मंदावतात, वाक्ये गळायला लागतात. ओळख, स्वागत, प्रास्ताविक हे सकाळी झालेले असते. पैशाचे वाटप आणि कुठल्या गावांना घ्यायचे ते दुपारी ठरते.